घनफूटभर लाकडाची नाव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. एक घाटाखालची. सातपुड्यातून उतरून शेगाव, नांदुरा, मलकापूरच्या अंगाने पश्चिमेला तापीकडे जाते. दुसरी घाटावरची खडकपूर्णा. ती देऊळगाव राजाकडून खाली गोदावरीच्या वाटेला लागते. पैनगंगा तर अजिंठ्याच्या डोंगरात आमच्याच जिल्ह्यात जन्मते आणि वर्धेतून, प्राणहितेतून शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना वाटलेलं. एवढं असूनही नावेचा विषय काढला की माणसं हसतात. नदीला पाणी असतं चार महिने, आणि त्या चार महिन्यांतही पूर आला की माणूस अलीकडच्या काठावर बसून राहतो. नाव कशाला पाहिजे?

पण आमच्या बोलीत नाव आहे. ‘सांगड घालणे’ हे आपण रोज म्हणतो. संसाराची आणि नोकरीची सांगड, खर्चाची आणि मिळकतीची सांगड. मूळची सांगड म्हणजे दोन वाळके भोपळे दोरीने बांधून केलेला तरंगा. त्यावर छाती टेकवायची आणि पाय मारत नदी पार करायची. भोपळा परसात लागायचा, दोरी अंबाडीची घरीच वळलेली. खर्च शून्य. म्हणजे या कोरड्या मुलखात पाण्यावर जायचं पहिलं साधन फुकट मिळणाऱ्या वस्तूचं होतं, आणि पुढचा सगळा इतिहासही तसाच आहे. नावेसाठी म्हणून आमच्याकडे कोणी काही विकत घेतलं नाही. दुसऱ्या कामातून जे उरलं, सुटलं, फाटलं, त्यावर माणूस बसला.

गुऱ्हाळाची काहील त्यातलीच. गुळाचा हंगाम संपला की ती पालथी पडलेली असायची. पुराच्या दिवसांत तीच उलटी करून पाण्यात सोडायची, मधे बाळंतीण नाहीतर म्हातारं माणूस बसवायचं, आणि चार पोहणाऱ्यांनी कडा धरून ढकलायची. मराठवाड्यात, इकडे पैनगंगेच्या काठाने हा प्रकार पुष्कळांनी पाहिलेला आहे. काहिलीचा तळ सपाट आणि आकार गोल, त्यामुळे तिला पुढचं-मागचं कळत नाही. ती जागच्या जागी गरगरते. पण बुडत नाही, आणि तेवढं पुरे असायचं.

खरी नाव होती ती भोयांची. पालखी वाहणं आणि मासे धरणं हे भोयांचे दोन्ही धंदे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. त्यांचा डोंगा म्हणजे एका खोडाचं कोरलेलं लाकूड. खोड आंब्याचं, मोहाचं, मिळालं तर सागाचं. आम्ही सुतार. माझ्या आज्याच्या वेळेपर्यंत डोंग्याचं काम आमच्या पडवीत अधूनमधून यायचं, असं वडील सांगत. वखर, तिफण, गाडीचं चाक ही बलुत्यातली कामं, त्यांचा मोबदला खळ्यावर दाण्याच्या रूपाने ठरलेला. डोंगा बलुत्यात बसत नसे. भोयाकडे शेत नाही, मग खळं कुठून? तो मासे द्यायचा. “सहा महिने घरात माशाचा वास,” वडील म्हणत, “आन् आई माळकरी.” त्या एका वाक्यात आमच्या घरातलं डोंग्याचं अर्थशास्त्र आलं.

डोंग्याला झाड मोठं लागतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश लाकूड कोरून चिलपी होऊन जातं. हे कोणत्याही सुताराला बघवत नाही. चांगल्या झाडाचा असा चुराडा राजालाही परवडणारा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचं प्रकरण आहे. त्यात सागासारखी झाडं रीतसर परवानगीने तोडावीत असं सांगितलं आहे. आंबा-फणसाला मात्र हात लावायचा नाही. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जिजाऊंचं माहेर आमचं सिंदखेड राजा. समुद्रापासून इतक्या दूरच्या कोरड्या गावातल्या लेकीच्या मुलाने आरमार उभं केलं, याचा आम्हाला अभिमान असतोच. मला मात्र त्या आज्ञेतला हिशोब जास्त भावतो. जहाज बांधताना पहिला प्रश्न लाकूड कोणतं हा नाही. ते कोणाचं आहे आणि पुन्हा उगवायला किती वर्षं लागतील, हा आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानेही सागाला, आंब्याला, मोहाला परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. म्हणजे डोंग्याची तिन्ही झाडं गेली.

भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नावेच्या लाकडाच्या चार जाती केल्या आहेत. हलकं आणि मऊ, हलकं आणि कठीण, मऊ आणि जड, जड आणि कठीण. या चौघांना चार वर्णांची नावं देण्याची गरज नव्हती, पण ग्रंथकाराने दिली आहेत. त्यातलं दुसरं, हलकं आणि कठीण, ते नावेला उत्तम. हे वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस कधीतरी सुताराच्या पडवीत बसला असणार. कारण सगळी अडचण तिथेच आहे. हलकं असतं ते कठीण नसतं. सावर हलकी, पण नख लावलं तर रुततं. बाभूळ कठीण, चाकाच्या तुंब्याला तिच्यासारखं दुसरं लाकूड नाही, पण तिची नाव खांद्यावर घेऊन बांधापर्यंतही जाता येणार नाही. साग दोन्हींच्या मधे उभा आहे. म्हणून मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधली. जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. दोनशे वर्षं.

साग दोनशे वर्षं टिकतो. पण भोयाला साग कोण देणार?

साठीच्या दशकात मोताळ्याकडे नळगंगेचं धरण झालं. मागून पैनगंगेवर पेनटाकळी आलं, खडकपूर्णेवर संत चोखासागर झाला. जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे पुरुषभर, मग चार पुरुष पाणी साठलं, आणि मासेमारी नदीतून तलावात गेली. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडायचं, सहकारी संस्थेने तलाव ठेक्याने घ्यायचा, सभासदांनी जाळी टाकायची. नदीत डोह ठाऊक असायचा, पाय टेकायचा. तलावात पाय टेकत नाही. नेमक्या याच वेळी डोंगे संपले होते. मग आली ट्रकची ट्यूब.

ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हवा भरलेल्या ट्यूबच्या भोकावर दोरीची नाहीतर पट्टीची जाळी विणायची. त्यावर बसायचं, पाय पाण्यात, दोन हातांत दोन फळकुटं, तीच वल्ही. मांडीवर जाळं. पहाटे चारला थंडीत असा माणूस दोन-दोन तास अर्धा पाण्यात असतो. ट्यूबनंतर थर्माकोल आला. तो भोपळ्याचाच भाऊ आहे, फक्त पिकत नाही. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, दोन इंच जाड तुकडा पंचवीस लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे पंचवीस किलोच्या आत-बाहेर वजन तोलतो. असे चार-पाच तुकडे पोत्यात शिवले की एक माणूस बसतो. पोरं शाळेलाही त्यावरून जातात, आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून तो फोटो येतो.

धरणात बुडालेल्या बाभळी मरतात, पण पडत नाहीत. पाणी उतरलं की त्यांचे शेंडे पाण्याच्या वीतभर खाली येऊन थांबतात. वरून दिसत नाहीत. आमच्या गल्लीतला भोयाचा मुलगा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, अशाच एका शेंड्यावर ट्यूब फाटून गेला. पोहणारा होता. पण पायात जाळं होतं. त्याचा बाप नंतर आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, “आबा, डोंगा असता त काटा लागला असता, पोरगा गेला नसता.” वडील काहीच बोलले नाहीत. डोंग्याचं लाकूड त्यांच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी त्याच्याकडे पैसे नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशोब आहे: एका माणसाची, लाकडाची, घरी बांधता येईल अशी नाव कमीत कमी किती लाकडात होते?

या प्रश्नाचं सगळ्यात जुनं उत्तर जिथे झाडच नाही तिथल्या लोकांनी दिलेलं आहे. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक. तिथे बर्फात झाड उगवत नाही. समुद्राने कुठल्यातरी दूरच्या नदीतून वाहून आणलेली ओंडकी, फळकुटं किनाऱ्यावर लागतात, ती ते जपून ठेवत. त्यांचा बारीक सांगाडा करायचा, तो कातड्याच्या दोऱ्यांनी बांधायचा आणि वर सीलचं कातडं ताणून शिवायचं. एक माणूस कमरेपर्यंत आत बसतो. हीच कयाक. आपल्याकडे तुंगभद्रेवर हंपीजवळ बांबूच्या टोपलीवर पूर्वी कातडं, आता डांबर लावलेला कपडा नाहीतर प्लास्टिक चढवतात, ती गोल होडी याच कुळातली. आमच्या बुरडाला सांगाडा दिला तर तो दोन दिवसांत विणून देईल. वर ताडपत्री. निवडणुकीनंतर फ्लेक्सचे बोर्ड ढिगाने पडतात, तेही चालतील. सगळ्यात स्वस्त नाव हीच, यात वाद नाही. पण बाभळीचा शेंडा ताडपत्रीलाही ट्यूबसारखाच ओळखतो.

मग दुसरी रीत. अमेरिकेत-कॅनडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हौशी लोकांत पसरली. लाकडाच्या पाऊण इंच रुंद, पाव इंच जाड लांब पट्ट्या काढायच्या. फूट-फूट अंतरावर प्लायचे साचे उभे करायचे आणि त्यांच्यावर एकेक पट्टी गोंदाने शेजारच्या पट्टीला चिकटवत जायचं. साचे नंतर काढून टाकतात. आत फासळी नाही, खिळा नाही. मग आतून-बाहेरून काचतंतूचं कापड आणि त्यावर इपॉक्सी. पट्टी वाकते म्हणून आकार पाहिजे तसा देता येतो, आणि कापडामुळे पाव इंचाचं लाकूड इंचभर लाकडासारखं वागतं.

पुतण्याने ही माहिती आणली तेव्हा मी आधी कागद घेतला. सोळा-सतरा फूट लांब, दोन फुटांच्या आत रुंद, वरचं छप्पर धरून. पृष्ठभाग साधारण पाच चौरस मीटर भरतो. जाडी सहा मिलिमीटर. म्हणजे तयार नावेत लाकूड तीस लिटर, एक घनफुटाहून थोडं जास्त! मी तीनदा गुणाकार केला. डोंग्याला अख्खं झाड, आणि हिला एका खिडकीच्या चौकटीएवढं लाकूड. गोलपात्याच्या यंत्रावर सहा मिलिमीटरची पट्टी काढताना पातं तीन मिलिमीटर खातं, म्हणजे तिसरा हिस्सा भुशात. गाठी, मोडतोड धरून दोन घनफूट घ्यावं. तरी दोनच.

एकदा लाकूड एवढं कमी लागतं म्हटल्यावर निवड उलटी होते. सागाची पट्टी परवडते. आणि ती लांब असायची गरज नाही, हे अधिक महत्त्वाचं. दोन आखूड पट्ट्या तिरक्या तासून, जाडीच्या आठपट लांबीचा सांधा घेऊन चिकटवल्या की एक लांब पट्टी होते. इकडे धाब्याची घरं पाडून स्लॅबची बांधली जात आहेत, आणि त्या जुन्या घरांचं मोडीचं सागवान गावोगाव पडून आहे. शंभर वर्षं वाळलेलं. त्यात लपलेले खिळे पात्याचे दात काढतात, म्हणून कापण्याआधी लोहचुंबक फिरवायचं. युक्तिकल्पतरूवाला नावेत लोखंड नको म्हणतो, कारण त्याला समुद्रातल्या चुंबकाची भीती. आमच्या खारपाणपट्ट्यात लोखंड असंही राहत नाही.

पण सागाच्या तीस लिटरचं वजन एकोणीस-वीस किलो. वर कापड आणि इपॉक्सी. परदेशी लोक जे सीडर वापरतात ते याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं झाड बांधावर उभं आहे, आणि त्याला कोणी झाड म्हणत नाही: महारुख. पाल्याला वास, जळणाला कामाचं नाही, म्हणून शेतकरी त्याची कदर करत नाही. आगकाडी आणि खोकी करणारे तेवढे विचारतात. घनमीटरला चारशे किलोच्या थोडं वर. त्याची नाव सागाच्या नावेहून सात-आठ किलोंनी हलकी. खोड अशी की तोडलेलं ओलं पडू दिलं तर काळं पडतं, कीड लागते. हिवाळ्यात तोडायचं आणि त्याच आठवड्यात चिरून, फटी ठेवून, सावलीत रचायचं. सालईही मी मनात धरली होती. एके काळी सातपुड्यापलीकडे नेपानगरच्या कागद कारखान्याला सालई जायची. पण तिच्या डिंकाने रंध्याचं तोंड बुजतं आणि गोंद धरत नाही. ती उदबत्तीलाच बरी.

शेवटी तळाला, जिथे खडक आणि बाभूळ लागणार तिथे, मोडीचा साग. बाजूंना आणि वर महारुख. युक्तिकल्पतरूत दोन जातींचं लाकूड एका नावेत मिसळू नये असा दंडक आहे. तो आम्ही मोडला.

आता खरा खर्च. लाकूड स्वस्त झाल्यावर कळलं की पैसा लाकडात नव्हताच. दोन्ही बाजूंनी मिळून दहा-अकरा चौरस मीटर कापड, आणि ते भिजवायला चार-पाच किलो इपॉक्सी. लाकडाच्या कितीतरी पट किंमत तिथे. कूलरच्या फायबर बॉडी करणारे कारागीर आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात, ते बरंच स्वस्त. पण ते लाकडाला मनापासून धरत नाही. पाणी शिरलं की कापड पापुद्र्यासारखं सुटतं. कूलरच्या टाकीत लाकूड नसतं, म्हणून तिथे चालतं. इथे काटकसर करायची नाही. काटकसर साच्यात करावी, ते मंडपवाल्याच्या टाकाऊ प्लायचे चालतात. गोंदात थोडी करावी, मात्र साधा पांढरा गोंद पाण्यात पुन्हा मऊ होतो, पाण्यात टिकणारा घ्यावा. वल्ही घरच्या लाकडाची करावीत.

हेही नवीन नाही. नावेचा पैसा नेहमी फटीत गेला आहे. मुंबईच्या गोदीत फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरत. तो कापूस आमचा असेलही. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला आणि १८७० साली लॉर्ड मेयोने त्याचं उद्घाटन केलं, एवढा माल इथून मुंबईला जात होता. डोंग्याला भोई जवसाचं तेल पाजायचे, चीर पडली तर राळ आणि तेल उकळून भरायचे. वडील त्यात बिब्ब्याचं तेल घालत, वाळवी लागू नये म्हणून, आणि दोन दिवस हात सुजवून घेत. इपॉक्सीही उततं. हातमोजे घालावेच लागतात. आमच्या वैशाखात तर ते डब्यातच तापून धूर सोडतं. म्हणून ते काम पौषात, दुपारच्या उन्हाला पाठ देऊन केलं. वर उन्हाचं वार्निश दोन हात, नाहीतर इपॉक्सी वर्षात पिवळं होऊन चुरतं.

पंचवीस किलोच्या आत नाव झाली. दोघांनी उचलली, मोटारसायकलला जोडलेल्या गाड्यावर घालून धरणावर नेली. जुने मच्छीमार काठावर उभे होते. एकाने बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, मग आत बसला, वीस-पंचवीस वल्ही मारून परत आला.

“पळते लय,” तो म्हणाला. “पण मास्तर, जाळं कुठी ठेवू? आन् हे छप्पर काहून केलं? कतला आत कसा टाकू? मले उघडी पायजे, आन् हातभर रुंद.”

बरोबर होतं त्याचं. कयाक सील मारणाऱ्यांची, तिला थंड पाण्यावर छप्पर लागतं. आमच्या धरणावर छप्पर काढलं तर लाकूड वाचतं, आणि ते रुंदीत घालता येतं. रुंदी अडीच-पावणेतीन फूट, लांबी चौदा, छप्पर नाही. पुन्हा कागद घेतला. लाकूड तेवढंच, घनफूटभर. कापडही तेवढंच. तळाशी सागाच्या तीन पट्ट्या जास्त, बाभळीसाठी. संस्थेच्या सभासदांनी इपॉक्सी एकत्र घेतलं तर मोठ्या डब्याचा भाव लागतो, तेवढं बोलणं झालं आहे. मोडीचं सागवान पुतण्याच्या पडवीत आहे. महारुख पांदीच्या कडेला उभा आहे, घेर दोन हातांत मावत नाही. धन्याला विचारून झालं, तो म्हणाला घेऊन जा. दिवाळीनंतर तोडायचा आहे.